शांतवनदादा, पडदे माझ्यासाठी होते

शांतवनदादा,

परवा तुमच्या घरी सांत्वनाची प्रार्थना झाली. पाळकसाहेब बोलले, तुमच्या मंडळीतले दोघं बोलले. मग मार्थावहिनींनी माझ्याकडे बघितलं. "बाई, तुमी बोला. इतकी वर्षं त्यांच्यासंगं काम केलंय तुमी." मी उभी राहिले. रोज शाळेत पाच तास बोलणारी मी. "दादा मोठे कलाकार होते, आणि स्वभावानं फार साधे होते," एवढंच म्हणाले आणि खाली बसले. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. आपल्या शेडवरच्या बबननं मात्र मान वर केली नाही.

मी बोलले ते खोटं नव्हतं. पण मला सांगायचं होतं ते हे नव्हतं. जे सांगायचं होतं ते मी तुमच्याशीही कधी बोलले नाही. तुम्हाला ते माहीत होतं आणि तुम्हीही बोलला नाहीत. आता ऐकायला तुम्ही नाही, म्हणून लिहिते आहे. यात काही धाडस नाही, हे मला कळतं.

सुप्याहून पारनेरकडे जाताना डाव्या हाताला लागणारी ती पोल्ट्रीची शेड माझ्या मामेभावाची. कोंबड्यांत रोग शिरला, त्यानं धंदा बंद केला आणि शेड तशीच पडून राहिली. हायस्कूलात चित्रकला शिकवून दुपारी मोकळी झाले की मला मातीत हात घालायला जागा हवी होती. घरी अंगणात चाक ठेवलं तर सासूबाईंचं वाळवण आणि माझी भांडी यांची रोज भांडणं. मामेभाऊ म्हणाला, "घे की, तशीबी उंदरं नांदत्यात." आधी मी आले. मग बबन वेल्डिंगचं मशीन घेऊन आला. गावात दारं-खिडक्या करायचा, पण त्याला करायचे होते पक्षी. नांगराच्या फाळांचे, सायकलच्या चेनचे. आणि एका सकाळी टेम्पोतून तुम्ही उतरलात. अंगात पांढरा सदरा, डोक्याला उपरणं, आणि पाठीमागे गोणपाटात गुंडाळलेले दगड.

"सलाम बाई," तुम्ही म्हणालात. "बबन म्हनला हितं जागा हाय. माझ्या कामाचा आवाज लई होतो, आदीच सांगतो. मागनं तक्रार नको."

आवाजाची तक्रार मी कधीच केली नाही, दादा.

तुमचे वडील दळायची जाती आणि पाटे-वरवंटे घडवायचे. जाती गेली, तसे तुम्ही कबरीचे दगड कोरायला लागलात. नगरपासून इकडे श्रीगोंद्यापर्यंत किती कबरस्थानांत तुमचं अक्षर आहे, ते तुम्हालाही सांगता आलं नसतं. तुमच्या "र"ची शेपटी जरा लांब असायची. ग्रॅनाइट कापायचा, घासायचा, चकाकी आणायची, नाव कोरायचं. तीस वर्षं हेच. मी एकदा म्हटलं होतं, "काय सुंदर अक्षर आहे हो." तुम्ही छिन्नी बाजूला ठेवलीत. "नावं कोरून कोरून जीव विटला, बाई. दर दगडावर मी बोलायचं, दगड गप. आता म्हनलं, एकदा त्याला बोलू द्यावं."

मला काहीच कळलं नव्हतं. मग तुम्ही गोणपाट सोडलं. आतून हातभर लांबीचा काळा दगड काढलात, दोन दोऱ्यांवर आडवा ठेवलात आणि लाकडी ठोकळ्यानं त्यावर हलकेच मारलंत. शेडभर तो वाजला. भांड्यासारखा नाही, घंटेसारखाही नाही. बबन वेल्डिंगचा चष्मा कपाळावर सरकवून तसाच उभा राहिला.

"माळावर शेरडं चढली तवा वाजला," तुम्ही म्हणालात. "शेरडांच्या खुराखाली. मी लगीच उचलला."

तुम्हाला सात दगड करायचे होते, सा ते नी. दर रविवारी उपासना झाली की तुम्ही माळ हिंडायचात, दगडांवर टकटक करत. लोक हसायचे. टोकाकडून घासला की सूर चढतो, पोटातून घासला की उतरतो, हे तुम्ही स्वतःच शोधून काढलंत. बबनच्या मोबाईलमधल्या पेटीचा सूर लावून तुम्ही कान दगडाला भिडवायचात. घासायचं मशीन दोन मिनिटं चालायचं, मग पुन्हा ठोकळा, पुन्हा कान. एक "रे" लावायला तुम्हाला अख्खा पावसाळा लागला. तो लागला त्या दिवशी तुम्ही आम्हाला सुप्याच्या हॉटेलात नेऊन भेळ खायला घातलीत आणि स्वतः मात्र एक घासही खाल्ला नाहीत. नुसते बसून हसत होतात.

माझी पहिली भट्टी फसली तेव्हाचं आठवतं का? बारा कुंड्या, दोन माठ, मला सगळेच तडकलेले वाटले. मी शेडच्या दारात बसून रडत होते, आणि मला रडताना कुणी बघितलेलं आवडत नाही हे तुम्हाला कसं कळलं कुणास ठाऊक, तुम्ही माझ्याकडे पाठ करून बसलात. एकेक भांडं उचलायचं, बोटाच्या पेरानं वाजवायचं, एकतर डावीकडे ठेवायचं नाहीतर उजवीकडे. शेवटी म्हणालात, "ह्या तिघी जिवंत हायेत. वाजवून बघा." खरंच तीन कुंड्या धड निघाल्या. त्या दिवसापासून मी भाजलेलं भांडं आधी कानाशी धरते, मग डोळ्यांनी बघते. शाळेत मुलांनाही तेच शिकवते. हे मला कुठल्याच कॉलेजात मिळालं नसतं.

आता पडद्यांचं.

आपल्याकडचा वारा तुम्हाला मी काय सांगायचा. पवनचक्क्यांची कंपनी काही उगाच आली नाही इथं. माझं काम वाढलं, मी मोठे रांजण करायला लागले. छातीएवढे, त्यांच्यावर बायकांच्या आकृत्या कोरलेले. पुण्याच्या एका गॅलरीनं बारा रांजण मागितले होते. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझं काम मागत होतं. ओला रांजण सावकाश सुकायला हवा. शेडच्या दोन्ही अंगांना जाळी, आणि जाळीतून वारा आला की रांजणाची एक बाजू आधी सुकायची आणि चिरायची. दोन रांजण गेले तेव्हा मी कोंबड्यांसाठी लावलेले ते जुने ताडपत्रीचे पडदे खाली सोडले आणि चौकटीला बांधून टाकले.

"थोडे दिवस," मी म्हणाले. "हे बारा होईपर्यंत."

चार दिवसांत शेडमध्ये उभं राहिलं की उन्हाच्या पट्ट्यात धूळ तरंगताना दिसायला लागली. माझ्या ओल्या मातीवरसुद्धा करडा थर बसायचा. बबन तोंडावर बोलला. "बाई, पडदं वर करा की. लई धूळ कोंडती. मी तर भाईर जाऊन काम करतो, पर दादा दिसभर हितंच."

मी चिडले. "मग तुझे पक्षी माझ्या रांजणांची भरपाई करणार का?" असं काहीतरी बोलले. काय बोलले ते मला नीट आठवतं, दादा, "असं काहीतरी" नाही. ते तसंच्या तसं बोलले होते.

तेव्हा तुम्ही मधे पडलात. "ऱ्हाऊ दे रं बबन. बाईंची माती हाय, वाऱ्याला भेती. माझा दगुड कशाला भेत न्हाई." आणि उपरणं नाकाला बांधून तुम्ही मशीन चालू केलंत.

मी काहीच केलं नाही असं नाही. नगरहून चांगला मास्क आणला. तुम्ही दोन दिवस लावलात आणि खिळ्याला अडकवून ठेवलात. "त्वांड बांधलं की कान बंद झाल्यावानी होतं," म्हणालात. पाणी मारून घासा म्हटलं, तर हातातल्या मशीनचा शॉक बसायची भीती. मी म्हटलं, झाडाखाली बसा. तुम्ही एक दिवस निंबाखाली बसलात आणि संध्याकाळी सगळं उचलून परत आत आलात. "भाईर वाऱ्यात सूर कळत न्हाई, बाई. हितं पडद्यात बरं ऐकू येतं."

या एका वाक्यावर मी चार वर्षं निर्धास्त झोपले. दादांनाच पडदे हवे आहेत, असं मी बबनला सांगायचे. माझ्या नवऱ्याला सांगायचे. बारा रांजण झाले, पुण्याला गेले, पेपरात फोटो आला. पडदे तसेच राहिले, कारण त्यानंतर आणखी रांजण होते. थोडे दिवस कधी संपले हे मी बघितलंच नाही.

तुम्ही ते वाक्य खरंच सुरासाठी म्हणालात, की माझ्यासाठी? हे तुम्हाला विचारायला माझ्याकडे किती दुपारी होत्या. चहाच्या वेळी आपण तिघं पायरीवर बसायचो. नाताळात वहिनींच्या करंज्या, दिवाळीला माझ्या चकल्या. तेव्हा विचारता आलं असतं. मला उत्तराची भीती वाटत होती.

मग खोकला सुरू झाला. गावातल्या डॉक्टरनं टीबीच्या गोळ्या सुरू केल्या. तुम्ही सहा महिने इमानानं घेतल्यात, उतार पडला नाही. "प"चा दगड उचलताना तुम्ही मधेच थांबलात, भिंतीला हात लावून उभे राहिलात आणि माझ्याकडे बघून हसलात. त्याच आठवड्यात मी म्हणाले, चला, नगरला मोठ्या डॉक्टरला दाखवू. तुमची सून बाळंत व्हायची होती, वहिनींना घर सोडता येईना, म्हणून तुमच्याबरोबर मी आले.

ती खोली मला रोज दिसते. डॉक्टर तरुण होते. त्यांनी एक्स-रे उजेडाला लावला. मग विचारलं, "काका, काम काय करता?"

"दगडाचं."

"किती वर्षं?"

"जल्म गेला, सायेब."

"हे टीबीचं नाही वाटत. दगडाची धूळ बसलीय फुफ्फुसात, दोन्हीकडे. काम कुठं करता? मोकळ्यावर, की बंद जागेत?"

मी तुमच्या शेजारच्या खुर्चीत होते. तुम्ही मान वळवून माझ्याकडे बघितलंत. रागानं नाही. एखादं भांडं नीट आहे ना, असं बघावं तसं बघितलंत. मग डॉक्टरकडे वळून म्हणालात, "मोकळ्यावर, सायेब. झाडाखाली."

डॉक्टरांनी ते लिहून घेतलं.

मी तोंड उघडायला हवं होतं. नाही डॉक्टर, बंद शेडमध्ये, पडदे लावून, चार वर्षं. एवढंच सांगायचं होतं. त्यानं तुमची फुफ्फुसं परत आली नसती, ती बरी होत नाहीत, असं त्यांनीच पुढच्या मिनिटाला सांगितलं. तीस वर्षांच्या ग्रॅनाइटनं किती केलं आणि माझ्या चार वर्षांनी किती, हे कुणालाच वेगळं काढता येणार नाही. हे सगळं मी स्वतःला शंभरदा समजावलं आहे. तरी मी तिथं गप्प बसले, ते या हिशेबानं नव्हे. मला सोडवलं म्हणून मला बरं वाटलं होतं. तुम्ही ते वाक्य बोललात आणि माझ्या छातीवरचं काहीतरी उतरलं. तुमच्या छातीचा फोटो समोर उजेडात लटकलेला असताना.

स्टँडवर तुम्ही उसाचा रस घेतलात. अर्धा ग्लास झाल्यावर म्हणालात, "ऊस ग्वाड हाय." मी म्हटलं, "हो." पारनेरची गाडी आली, आपण चढलो.

दुसऱ्या दिवशी मी पडदे वर केले. दोऱ्यांच्या गाठी घट्ट बसल्या होत्या, विळ्यानं कापाव्या लागल्या. चार रांजण ओले होते, दोन दिवसांत चारही चिरले. आणि तुम्ही, ज्यांना डॉक्टरनं दगडाला हात लावायला बंदी केली होती, ते तुम्ही बसनं शेडवर आलात आणि माझ्यावर ओरडलात. सात वर्षांत पहिल्यांदा.

"आता कशाला वर केलं? आता काय उपेग? रांजण तरी वाचले असते!"

"मला नकोत रांजण!"

"तुमाला नकोत, मग मी कशाला..." इथं तुम्हाला खोकला आला. इतका, की बबन धावत आला. खोकला थांबल्यावर तुम्ही पाणी प्यालात आणि त्या वाक्याकडे पुन्हा वळला नाहीत.

मग मी कशाला काय, दादा? ते वाक्य पुरं करायला मी तुम्हाला कधी सांगितलं नाही.

त्यानंतर चार महिने तुम्ही घरात होतात. ऑक्सिजनचं मशीन खाटेशी, त्याचा घुंऽऽ आवाज. सुपं काही लांब नाही, माझी स्कूटर आहे, शाळा साडेबाराला सुटते. मी तीनदा आले. फक्त तीनदा. दर वेळी वहिनी चहा ठेवायच्या आणि म्हणायच्या, "बाई आल्या का त्यांना बरं वाटतं." आणि मी घड्याळाकडे बघायचे.

तिसऱ्या वेळी तुम्ही बबनला सांगून सहाही दगड टेम्पोनं घरी आणवले होते. नी कधी सापडलाच नाही. खाटेसमोर गोणपाटावर सा ते ध मांडले. तुम्हाला ठोकळा उचलवेना, म्हणून बबन वाजवत होता आणि तुम्ही डोळे मिटून ऐकत होतात. ध वाजला तसे तुमचे डोळे उघडले.

"ह्यो उतरलाय."

"न्हाई दादा, बरुबर हाय," बबन म्हणाला.

"उतरलाय. टोकाला वाईच घास. दोन बोटं. हितंच दारात बसून घास, मी ऐकतो."

बबनचा चेहरा बघवत नव्हता. "दादा, आता तुमच्या म्होरं धूळ न्हाई करायची मला."

"मग बेसूर ऱ्हाईल रं."

"ऱ्हाऊ द्या."

तुम्ही माझ्याकडे बघितलंत, मी काहीतरी बोलेन म्हणून. मी ठोकळा उचलला, "ध"वर एकदा मारला. मला तो बरोबरच वाटला. माझा कान तुमच्याइतका कधीच नव्हता. "छान लागलाय, दादा," मी म्हणाले. तुम्ही भिंतीकडे तोंड केलंत. आपल्यातलं ते शेवटचं बोलणं. तुम्हाला आयुष्यात एकच गोष्ट सुरात हवी होती, आणि मी तुम्हाला खोटा दिलासा देऊन निघून आले.

बबन शेड सोडतोय. गावात परत दारं-खिडक्या करणार म्हणतो, पक्ष्यांचं नाव काढत नाही. मामेभाऊ शेड कांदा साठवायला देणार आहे. मी चाक घरी आणलं आहे, पण त्याला हात लावलेला नाही. सहा दगड तुमच्या ओसरीत आहेत. त्यांचं काय करायचं हे कुणालाच माहीत नाही. तुमच्या नातवाला ते नुसते दगड दिसतात, आणि खरं सांगायचं तर वाजवणारा माणूस गेल्यावर ते नुसते दगडच आहेत.

परवाची प्रार्थना संपल्यावर मी चपला घालत होते. वहिनी मागून आल्या. "बाई, एक इचारू? डागदर म्हनला धुळीनं झालं. आन ह्ये तर म्हनायचे, मी झाडाखाली बसून काम करतो. मग मोकळ्यावर बसूनबी एवढी धूळ कशी गेली वो आत?"

म्हणजे तुम्ही घरीही तेच सांगितलं होतंत.

"काय सांगणार, वहिनी," मी म्हणाले आणि निघाले. वाटेत स्कूटर चालवता येईना, म्हणून ढाब्यापाशी थांबून राहिले.

आज सकाळी शाळेत रजा टाकली आणि बसनं सुप्याला गेले. वहिनी पडवीत बाजरी निवडत होत्या. मी समोर बसले आणि सगळं सांगितलं. पडदे, रांजण, बबन काय म्हणाला, मी काय म्हणाले, डॉक्टरच्या खोलीत तुम्ही माझ्याकडे बघितलंत ते. त्यांचे हात सुपात चालूच होते. मी संपवलं तेव्हा थांबले.

"चार वर्सं?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मला ठावं असतं, तर एक दीस जाऊ दिलं नसतं त्यांना."

मी रडायला लागले. त्या रडल्या नाहीत. सूप बाजूला ठेवलं, उठल्या, आणि मला वाटलं पाणी आणायला आत चालल्या आहेत. दारात थांबून, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "बाई, तुमी आता घरी जा."

मी गेले. स्टँडवर पारनेरच्या दोन गाड्या सोडल्या, तिसरीत बसले.

तुम्ही एवढं एक जपलं होतंत, दादा, की तुमच्या माणसांत माझं नाव चांगलं राहावं. ते मी तुम्हाला पुरून पंधरा दिवस व्हायच्या आत घालवलं. वहिनींना त्यानं काही मिळालं नाही; आधी त्यांच्याकडे दुःख होतं, आता त्यात राग आला, आणि तो काढायला समोर तुम्हीही नाही. मी खरं सांगायला गेले होते की माझं ओझं त्यांच्या सुपात टाकायला गेले होते, हे मला सांगता येत नाही. तुम्हाला सांगता आलं असतं. तुम्ही मला एकदा वाजवून बघितलं असतंत आणि कुठल्या बाजूला ठेवायचं ते ठरवलं असतंत, आणि मी ते मुकाट मान्य केलं असतं.

नंदा